ससा, अडुळसा आणि तिसरा रकाना

मुरलीधर ओगलेचा देवावर विश्वास होता की नाही, हे त्याच्या बायकोलाही कधी नीट कळलं नाही. पण कंपॅरेटिव्ह स्टेटमेंटवर त्याचा विश्वास होता आणि तो साऱ्या चंदीगडला माहीत होता. साऱ्या चंदीगडला म्हणजे सेक्टर सव्वीसमधल्या एका बसक्या सरकारी इमारतीला. तिच्यावर 'टेकडी-उतार संशोधन उपकेंद्र' अशी पाटी होती आणि पाटीखाली दिवसभर सायकली उभ्या असत. मुरलीधरचं चंदीगड तेवढंच होतं.

ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कचेरीत साधा टेबलफॅन घ्यायचा असला तरी तीन दुकानांकडून माहिती मागवावी लागते. मग मोठ्या कागदावर उभे रकाने आखायचे, डावीकडे एकाखाली एक गुण लिहायचे, प्रत्येक दुकानाचा माल समोरासमोर मांडायचा आणि कागद साहेबापुढे ठेवायचा. साहेब तो न वाचता सही करतो. बाकीचे कारकून हे काम तोंड वाकडं करून उरकत. मुरलीधर मात्र त्या दिवशी डबाही उशिरा खायचा. लाल-निळी पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोकदार करायचा, पट्टी पुसून घ्यायचा आणि एकदा का कागदावर वाकला की भूकंप झाला तरी वर बघायचा नाही.

आणि तक्ता पक्का सरळ. नागपूरला असताना त्याच्या सख्ख्या मेव्हण्याचं, विलासचं, टाइपरायटरचं दुकान होतं. मुरलीधरने तक्ता केला आणि त्यात मेव्हणा तिसरा आला. विलासने मशीन घरी आणून दाखवलं, आईची शपथ घातली, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. मुरलीधरने त्याला चहा दिला आणि तक्त्यात त्याला तिसराच ठेवला. तेव्हापासून भाऊबीजेला सुमित्रा एकटीच माहेरी जायची. मुरलीधरला याचं फार वाईट वाटे, पण तक्त्यात वाईट वाटण्याचा रकाना नव्हता.

सुमित्रा म्हणजे त्याची बायको. सांगलीची, वनस्पतिशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेली, आणि लग्नानंतर आठ वर्षं दर बदलीला हातातली नोकरी सोडून ट्रंका भरणारी. नागपूरला शाळेत शिकवायची, ती सुटली. जबलपूरला एका बागेत लागली, तीही सुटली. चंदीगडला आल्यावर नवऱ्याच्याच उपकेंद्रात तिला संशोधन-साहाय्यक म्हणून तात्पुरती जागा मिळाली आणि सुखना तलावामागच्या टेकड्यांचा एक उतार तिच्या ताब्यात आला. उतार कसला, नुसती खरवडलेली माती. दर पावसाळ्यात ती तलावात वाहून जायची आणि नव्या शहराचा नवा तलाव गाळाने भरत चालला होता.

तिने त्या उतारावर अडुळसा लावला. आपल्याकडे खोकल्याला काढा करतात तोच. तिकडे त्याला बसूटी म्हणतात आणि तो रानात फुकट वाढतो, बारा महिने हिरवा. त्याचा वास असा की शेळी जवळ जाते, हुंगते आणि अपमान झाल्यासारखी परत फिरते. सुमित्राचं म्हणणं एवढंच होतं की ज्याला शेळी खात नाही त्याला कुंपण लागत नाही, आणि ज्याला कुंपण लागत नाही ते झुडूपच या टेकड्यांची माती धरून ठेवील. चार वर्षांत तिने अकराशे चाळीस झुडपं लावली आणि प्रत्येकाला पत्र्याचा नंबर बांधला. लेक रागिणी तिला हिंदीत विचारायची, मम्मी, तुम्हारे बच्चे कितने हैं, आणि सुमित्रा सांगायची, अकराशे एकेचाळीस.

शेजारच्या उतारावर हरचरण सोढी बसत असे. हा धिप्पाड सरदार तांबूस शेपटीच्या रानसशावर संशोधन करत होता. ससा वनखात्याची रोपं किती खातो हे त्याला शोधायचं होतं, आणि ससा काही समोर बसून खात नसल्याने सोढी त्याच्या लेंड्या मोजत असे. रोज सकाळी दोरीने आखलेल्या चौकोनांत ओणवा होऊन तो मोजायचा आणि वहीत लिहायचा. असली वही जगात दुसरी नसेल असं तो अभिमानाने सांगे, आणि ते खरंही असावं. सुमित्राचं आणि त्याचं चांगलं जमत असे. हिवाळ्यात तो तिला मक्याची रोटी आणि सरसोंचा साग आणून द्यायचा, ती त्याला शेंगदाण्याची चटणी द्यायची.

बहात्तर सालच्या जानेवारीत दिल्लीहून पत्र आलं. काटकसरीच्या धोरणानुसार टेकडी-उतारावरच्या दोन प्रकल्पांपैकी एकच पुढे चालू राहील. दोहोंचं कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट सोबतच्या विहित नमुन्यात त्वरित पाठवावं. ज्याचा प्रकल्प बंद होईल त्याची तात्पुरती जागाही बंद होईल.

उपकेंद्राचे प्रमुख डॉक्टर वालिया यांनी पत्र वाचलं आणि ते आपोआप मुरलीधरकडे सरकवलं. मुरलीधरने उभं राहून सांगितलं की साहेब, एका प्रकल्पात माझी बायको आहे, हे काम मी करणं बरं दिसत नाही. वालियांनी हात हलवला. "ओगले साब, आपने तो अपने साले को नहीं छोड़ा. आपसे ज़्यादा पक्का कौन मिलेगा मुझे?"

मुरलीधरला आपली स्तुती झाली असं वाटलं. ती फाशी होती हे त्याला विहित नमुना उघडल्यावर कळलं.

हा नमुना कुणी केला, तो माणूस शुद्धीवर होता का, हे सरकारच जाणे. दिल्लीत बहुधा दोन जुने फॉर्म होते, एक पशुधनाचा आणि एक रोपवाटिकेचा. काटकसर म्हणून कुणीतरी दोन्ही एकत्र शिवले होते. त्यात उंची होती, वजन होतं, आयुर्मान होतं. आहार काय, रोग कोणते, वीण वर्षातून किती वेळा, पानगळ होते किंवा कसे, चाल कशी, स्वभाव कसा, राखण लागते का, आणि शेवटी शेरा. माती धरून ठेवतो का, असा रकाना त्यात कुठेच नव्हता.

दुसरा कुणी असता तर फॉर्म भिरकावून देता. मुरलीधरने पट्टी पुसली.

सशाचं वजन करायला तो आणि सोढी एक ससा उशीच्या अभ्र्यात घालून सेक्टर बावीसच्या बाजारात गेले. ओगल्यांचं बिऱ्हाड त्याच बाजारामागे भाड्याच्या दोन खोल्यांत होतं, आणि त्यांच्या धान्यवाल्या लालाचा काटा सरकारी शिक्क्याचा होता. लालाने अभ्रा काट्यावर ठेवला. अभ्र्याने उडी मारली आणि तो राजम्याच्या पोत्यात पडला. तीन प्रयत्नांनंतर अडीच किलो ठरलं. त्यातून अभ्र्याचं वजन वजा करावं असा मुरलीधरने आग्रह धरला, तेव्हा लालाने दुकान बंद करायची भाषा केली.

मग झुडपाची पाळी आली. जमिनीत उभं असलेलं झुडूप तोलायचं कसं? मुरलीधरने रात्रीच्या जेवणाला सुमित्राला सांगितलं की एक उपटावं लागेल, मुळांसकट, म्हणजे तुलना समान पायावर होईल. सुमित्राने पोळी ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती एकटी टेकडीवर गेली आणि दुपारी एक झुडूप खांद्यावर टाकून त्याच्या टेबलापाशी आली. फेब्रुवारीचे दिवस होते, झुडूप पांढऱ्या फुलांनी भरलेलं होतं. चारशे सतरा नंबरचा पत्रा अजून त्याला लटकत होता. "एका सशाएवढं झुडूप पुरलं असतं," ती म्हणाली, "पण लहान उपटायचा धीर झाला नाही. हे मोठं आहे." मुरलीधरने तिच्या हातांकडे पाहिलं. बोटं सोलवटून निघाली होती. त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण त्याने आधी पत्रा सोडवून बाजूला ठेवला, कारण पत्र्याचं वजन झुडपात धरता आलं नसतं.

तक्ता पुढे सरकला तसा मुरलीधरचा जीव खाली खाली जाऊ लागला. चाल: ससा, अतिशय वेगवान. अडुळसा, नाही. वीण: ससा, वर्षातून अनेकदा. अडुळसा, फांदी लावल्यास. स्वभाव: ससा, सावध, चपळ, कानांनी ऐकतो. अडुळशापुढे त्याने बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली आणि शेवटी 'शांत' असं लिहिलं. रोगात अडुळसा वरचढ होता, राखणीत वरचढ होता, पानगळीत तर सशाला उत्तरच नव्हतं, तिथे त्याने 'लागू नाही' लिहिलं. पण एकंदर कागदाकडे लांबून बघितलं की सशाचा रकाना उड्या मारत होता आणि झुडपाचा रकाना उभा होता. दिल्लीतला कुणीही माणूस दोघांतून ससाच उचलणार. सोढीचं वाईट व्हावं असं मुरलीधरला मुळीच वाटत नव्हतं. पण सुमित्राचा उतार गेला तर ती परत ट्रंका भरायला लागेल, आणि या वेळी ट्रंकेच्या वर ती मान उचलून त्याच्याकडे बघणारही नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. चार रात्री त्याला झोप लागली नाही.

पाचव्या दिवशी त्याला मार्ग सापडला, आणि तो नियमातच सापडला. तुलना किमान तिघांची हवी. दोनच रकान्यांचा तक्ता ऑडिटवाले कधीच मान्य करत नाहीत. अशा वेळी सगळ्या कचेऱ्या एकच करतात. ज्या दुकानातून माल घ्यायचा नाहीच, अशा एखाद्या दुकानाचा कागद तिसरा म्हणून जोडतात. त्याला भरतीचा म्हणतात. मुरलीधरने एकोणीस वर्षांत भरतीचा रकाना कधी घातला नव्हता, पण इतरांनी घातलेले शेकडो पाहिले होते. आणि भरतीच्या रकान्याचा एक गुण त्याला पक्का ठाऊक होता: तो शेजारच्याला उठाव देतो. झुडपाला सशाशेजारी उभं केलं तर ते मंद दिसतं. पण त्याच्या दुसऱ्या अंगाला झुडपाहूनही मंद काहीतरी ठेवलं, तर झुडूप एकदम तरतरीत दिसेल. त्याला फुलं येतात, ते वाढतं, त्याला वास आहे.

म्हणून मुरलीधरने तिसऱ्या रकान्यात दगड घातला.

टेकडीवरचाच एक दगड त्याने रविवारी सायकलच्या कॅरिअरला बांधून लालाकडे नेला. लालाने या वेळी काही विचारलं नाही. अकरा किलो. मग मुरलीधरने इतक्या प्रेमाने तिसरा रकाना भरला की काय सांगावं. चाल: नाही. वीण: नाही. आहार: नाही. स्वभाव: नाही. एकेका 'नाही'बरोबर त्याला अडुळसा शेजारी टवटवीत होताना दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तक्त्यात कुणाची बाजू घेतली होती आणि नियमाचं एक अक्षर मोडलं नव्हतं. त्या रात्री तो शीळ घालत जेवला. सुमित्राने विचारलं तेव्हा तक्ता गोपनीय असतो एवढंच त्याने सांगितलं.

एप्रिलमध्ये दिल्लीचा निर्णय आला. डॉक्टर वालियांनी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला थांबून चष्मा पुसला. समितीने तिन्ही पर्यायांचा साकल्याने विचार केला होता. आहार नाही, रोग नाही, राखण नाही, आयुर्मान अमर्याद आणि वजन इतर दोहोंपेक्षा कितीतरी जास्त, हे पाहता तिसरा पर्याय सर्वथा सरस ठरत होता. शिवाय त्याला संशोधक लागत नव्हता. तरी दोन्ही चालू प्रकल्प बंद करावेत, उतार साफ करून त्यावर दगड बसवावेत, त्यासाठी उपकेंद्राने पुढील कार्यवाही करावी. उत्कृष्ट तक्त्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्याची प्रशंसा करण्यात येत होती.

सोढी आधी हसला. पोट धरून हसला, पगडी सरळ केली, पुन्हा हसला आणि मग खुर्चीत बसून राहिला. त्याला घरी तीन मुलं होती. सुमित्रा निर्णय ऐकून उठली आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आली. संध्याकाळपर्यंत ती आपल्या नोंदवह्या कापडात बांधत होती.

घरी आल्यावर मुरलीधरने सारं सांगून टाकलं. भरतीचा रकाना म्हणजे काय, झुडूप दगडाशेजारी कसं उठून दिसतं, हे त्याने हातवारे करून समजावलं. तुझ्यासाठीच घातला होता दगड, असं तो दोनदा म्हणाला. रागिणी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, पापा, आपने पत्थर को मम्मी से ज़्यादा नंबर दे दिए? सुमित्राने तिला खाली घरमालकिणीकडे पाठवून दिलं.

मग ती बोलली, आणि ओरडली नाही हेच जास्त वाईट होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला त्याच्या ट्रंकेत एक कागद सापडला होता. त्यावर तीन मुलींचा तक्ता होता. उंची, वर्ण, शिक्षण, गाण्याचं अंग, घराणं. ती दुसरी आली होती. पहिलीच्या वडिलांनी नकार दिला, म्हणून ती या घरात आली. हे तिने बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

कागद खरा होता आणि रकाने मुरलीधरनेच आखले होते.

"मला त्याचं काही वाटलं नाही," सुमित्रा म्हणाली. "त्या वेळी तुम्ही मला ओळखत नव्हता. पण आता ओळखता ना? चार वर्षं मी त्या उतारावर काय करते, ते रोज घरी येऊन तुम्हाला सांगते. शेरा म्हणून एक रकाना होता त्या फॉर्मात. त्यात तुम्हाला एक ओळ लिहिता आली असती, की ही बाई जे म्हणते ते खरं आहे, मी पाहिलंय. तुम्ही एकदा तरी माझ्या बाजूने लिहायचं होतं. दगड कशाला घातलात?"

कारकुनाने शेरा लिहायचा नसतो, तो अधिकार साहेबाचा, असं मुरलीधरच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं, आणि त्या संध्याकाळी त्याने केलेली शहाणपणाची गोष्ट तेवढी एकच.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा नऊला पाच कमी असताना टेबलावर बसला. समोर दगडाची फाईल होती. आता त्याला दगडवाल्यांकडून माहिती मागवायची होती, तीन जणांकडून. पंधरा दिवसांत कामगार टेकडीवर जातील, आधी झुडपं उपटतील, मग दगड रचतील. त्याने फाईल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग उठून मागच्या लोखंडी कपाटात मोडीत काढलेल्या सायक्लोस्टाइल मशीनच्या फायलींखाली ती ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. त्याने पाण्याचा ग्लास प्यायला, मग दुसराही प्यायला.

फाईल दाबून ठेवणं ही इतरांना श्वास घेण्याइतकी सोपी गोष्ट आहे. मुरलीधरला ती मुळीच जमत नव्हती. पहिला महिनाभर कुणी दार वाजवलं तरी तो दचकायचा. पण सरकारची एक खुबी आहे. प्रकल्प बंद करून दगड बसवावेत असा एकच हुकूम होता, त्यामुळे दगड बसल्याची नोंद होईपर्यंत प्रकल्पही बंद झाल्याची नोंद होईना, आणि तोवर जागाही रद्द होईनात. सुमित्राने कापडातल्या वह्या सोडल्या. सोढी पुन्हा लेंड्या मोजू लागला. कुणी काही विचारलं तर मुरलीधर म्हणायचा, कार्यवाही चालू आहे. दिल्लीहून स्मरणपत्रं आली. पहिल्याला त्याने महिन्याने उत्तर दिलं, दुसऱ्याला दोन महिन्यांनी, आणि तिसऱ्यात त्यांच्याच संदर्भ क्रमांकाचं एक अक्षर चुकलं होतं, ते दाखवून त्याने पत्र परत पाठवलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मुरलीधरने त्याचं तोंड पाहिलं नसतं.

घरात यातलं काही तो बोलला नाही. सुमित्रालाही वाटलं की सरकारी काम आहे, रेंगाळलंय. ती त्याच्याशी बोलत होती, वाढत होती, पण टेकडीवरचं काही सांगत नव्हती. पूर्वी ती जेवताना एकेका नंबराची हकीकत सांगायची. आता भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच. मुरलीधरला त्या नंबरांची इतकी सवय झालेली होती की एका रविवारी तो एकटाच सायकल मारत टेकडीवर गेला आणि तासभर झुडपांमधून हिंडून आला. सहाशे बारा वाळलं होतं. ते बघून त्याला रडू आलं, आणि आपण झुडपासाठी रडतोय याची लाजही वाटली नाही.

दोन पावसाळे गेले. त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात दिल्लीहून एक उपसचिव दगड बघायला आला. त्याला टेकडीवर नेलं. शेजारचे सगळे उतार लाल ओरखड्यांनी फाटलेले होते आणि सुमित्राच्या उतारावरून ओहोळात स्वच्छ पाणी येत होतं. उपसचिवाने कौतुकाने मान हलवली आणि विचारलं, दगड कुठे आहेत? वालियांनी सोढीकडे बघितलं, सोढीने आकाशाकडे. उपसचिव इतका चिडला की माती जागेवर आहे, हे त्याला दाखवायची कुणाची छाती झाली नाही. तेवढ्यात एक ससा त्याच्या पायाखालून पळाला आणि तो माणूस अडुळशात बसला. चंदीगडला परत जाताना जीपमध्ये त्याच्या पाटलोणीला तो वास येत होता.

कपाट उघडलं गेलं. फाईल निघाली. पण मधल्या काळात आर्थिक वर्ष उलटून गेलं होतं, दगडाची मंजुरी कालबाह्य झाली होती, आणि नवी मंजुरी मागायला कुणाला उत्साह उरला नव्हता. दोन्ही प्रकल्प पुढील आदेशापर्यंत चालू ठेवावेत असं ठरलं. सुमित्राची जागा राहिली. उतार राहिला. राहिला प्रश्न मुरलीधरचा. डिसेंबरात तो मुख्य कारकून व्हायचा होता, यादीत त्याचं नाव पहिलं होतं. त्याऐवजी त्याला मेमो मिळाला.

वालियांनी त्याला खोलीत बोलावून दार लावलं आणि उत्तरही सुचवलं. सायक्लोस्टाइलच्या फायलींत चुकून मिसळली म्हणून लिहा, नजरचूक झाली म्हणा, एकोणीस-वीस वर्षांची स्वच्छ नोकरी आहे, ताकीद देऊन सोडतील, बढती वाचेल. सोढीने तर साक्ष द्यायची तयारी दाखवली की कपाट त्यानेच उलटंपालटं केलं. मुरलीधरने ते उत्तर कच्चं लिहून घेतलं, मेमोबरोबर घडी घालून खिशात ठेवलं आणि घरी आला.

सुमित्रा तांदूळ निवडत होती. त्याने मेमो तिच्यापुढे ठेवला. तिने हात पदराला पुसले आणि वाचायला घेतला. मेमो इंग्रजीत होता, पण त्याचा अर्थ असा: आपण स्वतःच्या पत्नीच्या प्रकल्पाचे हित डोळ्यांपुढे ठेवून, हेतुपुरस्सर व पक्षपाती बुद्धीने, वरिष्ठांचा आदेश अठरा महिने दडवून ठेवलात, असा आपल्यावर आरोप आहे. सात दिवसांत खुलासा करावा.

तिने तो एकदा वाचला. मग खिडकीपाशी जाऊन पुन्हा वाचला. मुरलीधर उभाच होता.

"तुम्ही दाबली होती?" तिने विचारलं.

तो हो म्हणाला.

"अठरा महिने? आणि मला बोलला नाहीत?"

बोललो असतो तर तूही त्यात आली असतीस, असं तो म्हणाला. मग त्याने घाईघाईने कच्चं उत्तर काढून दाखवलं, नजरचुकीचं, आणि वालिया काय म्हणाले तेही सांगितलं. सुमित्राने ते वाचलं आणि परत दिलं.

"हे खोटं आहे."

"बढती जाईल, सुमित्रा. पुढची यादी कधी लागेल देव जाणे."

"जाऊ दे." तिने नाक ओढलं आणि तांदळाचं ताट पायाने बाजूला सारलं, म्हणजे त्याला बसायला जागा होईल. "खरं ते लिहा. आरोप मान्य आहे म्हणा."

मुरलीधर जमिनीवर बसला. त्याने मांडीवर पाट घेतला, पाटावर कागद ठेवला आणि पेनचं टोपण काढलं. आयुष्यात त्याने एवढं लहान उत्तर कुणाला लिहिलं नव्हतं. एकच वाक्य होतं. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्याकडे दिला.

सुमित्राने तो वाचला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"अजून एक प्रत काढा," ती म्हणाली. "ती दिल्लीला पाठवू नका. मला द्या. माझ्या बाजूने लिहिलेला एक तरी कागद या घरात असू दे."

मुरलीधरने दुसरा कागद घेतला. रकाने न आखता, आधीच्यापेक्षा सावकाश, त्याने तेच वाक्य पुन्हा लिहिलं.